सरकारवर दावा



सरकारवर दावा लावता येतो काय, असे विचारले तर कोणीही वकील होकार देईल. आपल्या राज्यघटनेच्या ३०० व्या कलमात तसे लिहिलेलेच आहे. पण सरकारी नोकराच्या चुकीने तुमचे नुकसान झाले तर भरपाई मिळेल की नाही, हे ते कलम सांगत नाही. विधिमंडळ नवा कायदा करीपर्यंत जबाबदारी पूर्वीसारखीच राहील, एवढेच ते म्हणते. हे 'पूर्वी' शोधीत मागे गेलो की १९३५, १९१५ असे कायदे ओलांडून आपण १८५८ सालापाशी पोहोचतो. म्हणजे प्रजासत्ताकातल्या नागरिकाचा हक्क मोजावयाचा तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मापाने!

ते माप कलकत्त्यास १८६१ साली ठरले. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या हयगयीमुळे एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कोर्टाने ३५० रुपये भरपाई देवविली. खाजगी माणूसही करू शकेल अशा कामात सरकार जबाबदार. केवळ राजसत्तेच्या अधिकाराने केलेल्या कामात नाही, असा भेद त्या वेळी निघाला.

आता सोन्याची हकीकत ऐका. अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी २० सप्टेंबर १९४७ रोजी मीरतला गेले. पोलिसांनी संशयावरून त्यांना पकडले. दुसऱ्या दिवशी ते जामिनावर सुटले. पुढे चांदी परत मिळाली. १०३ तोळ्यांहून अधिक सोने मात्र पोलिसांच्या मालखान्यातच राहिले. नियमाप्रमाणे ते सरकारी खजिन्यात ठेवावयास हवे होते. मालखान्याच्या हवालदाराने ते लांबविले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर अकरा हजारांवर रुपयांचा दावा केला. हाच कस्तुरीलाल खटला.

१९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची हयगय मान्य केली आणि तरीही दावा फेटाळला! अटक करणे, माल जप्त करणे हे सार्वभौम सत्तेचे काम, हे कारण. अवघ्या दोन वर्षांपूर्वी याच न्यायालयाने राजस्थानात कलेक्टरच्या जीपखाली सापडून मेलेल्या माणसाच्या विधवेला आणि मुलीला १५,००० रुपये देवविले होते. जीप दुरुस्तीहून परतत होती. त्यात सार्वभौम असे काही नव्हते. सामान्य माणसाने हा फरक कसा ओळखावा, हे मला तरी उमगत नाही.

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर हे मूळ साताऱ्याचे. त्यांनाही ही स्थिती समाधानकारक वाटली नाही. इंग्लंडने १९४७ साली कायदा करून राजाचे हे कवच बरेचसे काढून टाकले, तसे येथेही व्हावे, असे त्यांनी विधिमंडळांना सुचविले. विधी आयोगाने तर १९५६ सालीच तसा अहवाल दिला होता. १९६७ साली लोकसभेत विधेयक आले. ते मंजूर न होताच बारगळले. संसदेने असा सर्वसाधारण कायदा अजूनही केलेला नाही.

वाट काढली ती न्यायालयांनीच. बिहारात निर्दोष सुटल्यावरही रुदुल शाह १४ वर्षे तुरुंगात राहिले. त्यांना १९८३ साली मूलभूत हक्कांच्या आधारे भरपाई मिळाली. कोठडीतील मृत्यूंबाबतही १९९३ पासून हाच मार्ग पक्का झाला. मालाबाबतही १९७७ साली कर्नाटकातील एका खटल्यात दिलासा मिळाला. पोलिसांच्या ताब्यातल्या पेटीत दागिन्यांऐवजी दगड निघाले, तेव्हा फौजदारी कायद्याच्या आधारे सरकारला त्यांची किंमत भरावी लागली. साध्या दिवाणी दाव्यात मात्र कस्तुरीलालचा आधार घेण्यास सरकारी वकील आजही मोकळा आहे.