हेल्थकेअर मार्केटिंग आणि पीआर : या वाटेला यायचं असेल तर

मी मानेसरहून बोलतेय. गुरुग्रामच्या पुढे, जयपूरच्या रस्त्यावरचं हे गाव बहुतेकांना मारुतीच्या कारखान्यामुळे माहीत असतं. मला मात्र ते फेब्रुवारी 2020 मुळे महत्त्वाचं वाटतं. 1 तारखेला वुहानहून 324 भारतीयांना घेऊन पहिलं विमान दिल्लीला उतरलं. त्यातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना लष्कराने मानेसरला उभारलेल्या विलगीकरण केंद्रात ठेवलं. देशभर भीती होती. तेवढ्यात आतली पोरं मास्क लावून नाचतायत असा व्हिडिओ सगळीकडे फिरला. घरी काळजीत बसलेल्या आईबापांना दहा सरकारी पत्रकांनी आला नसता, एवढा धीर त्याने आला असेल.

आता 1897 चं पुणं आठवा. प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरले. साथ खरी होती, रोगी वेगळे काढणंही गरजेचं होतं. पण लोकांना विश्वासात घेतलं नाही. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. आरोग्यातला जनसंपर्क कशासाठी लागतो, हे मला यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्या कोर्सच्या पुस्तकातून कळलं नाही.

काम काय असतं? रुग्णांसाठी माहितीपत्रकं, डॉक्टरांचे व्हिडिओ, शिबिरं, पत्रकारांचे फोन, आणि काही अघटित घडलं तर रात्री दोन वाजता निवेदन. फार्मसी, नर्सिंग, पत्रकारिता, एमबीए, कुठूनही येता येतं. मराठी चांगलं असेल तर उत्तमच. ऑपरेशनचं संमतीपत्र पेशंटला समजेल असं लिहिणारी माणसं फार थोडी आहेत.

पण हा साबण विकण्याचा धंदा नाही. 1954 च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर औषधाने गुण येतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने पेशंट ओढायला जाहिरात करायची नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, एवढं कळवता येतं. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत, असं 2024 ची संहिता सांगते. पळवाटा आहेतच, त्या दाखवणारे सीनियरही भेटतील. एका हॉस्पिटलने मला "शंभर टक्के गुण" असं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही, ते काम दुसऱ्या एजन्सीकडे गेलं. त्या महिन्याचा हिशेब जड गेला, खोटं कशाला सांगू! पण ती ओळ वाचून कुणीतरी दागिने गहाण टाकून आलं असतं.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगारासोबत एक गोष्ट विचारा : तुमच्याकडे मजकूर छापण्याआधी डॉक्टर तपासतो का, आणि त्याने नाही म्हटलं तर शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरीकडे अर्ज करा.