देणगीची वही लावताना
(मंडळाच्या निधिसंकलन संध्येत देणगी-नोंदणी गटाच्या वतीने केलेलं भाषण)



जेवणाआधीची दहा मिनिटं आणि विषय डेटाबेस! कार्यकारिणीचा आमच्यावर काहीतरी जुना राग असणार. आम्ही तिघं आठवडाभर आपापल्या कंपन्यांत बग काढत बसतो आणि शनिवारी सकाळी चहाच्या कपासोबत मंडळाच्या देणग्यांची नोंद ठेवतो. बटाटेवड्यांचा वास आमच्याही नाकापर्यंत आलाय, तेव्हा सरळ गोष्टीलाच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला त्यांनी १००० डॉलर्सचा चेक पाठवला होता. मराठवाड्यातल्या मुलींच्या ज्या वसतिगृहाला आपण मदत करतो, त्यासाठी. चेकच्या खालच्या ओळीत तसं लिहिलेलंही होतं. पण तो चेक आमच्या हातात पडला तेव्हा दिवाळीच्या प्रायोजकांच्या चेकचा ढीग समोर होता. त्या वर्षी १००० डॉलर म्हणजे ‘रौप्य प्रायोजक’. आम्ही रकमेकडे पाहिलं, रौप्य निवडलं आणि पुढच्या चेककडे वळलो.

पुढचं सगळं यंत्राने चोख केलं. पैसे दिवाळीच्या खात्यात, म्हणजे हॉलच्या भाड्यात आणि साउंड सिस्टिममध्ये गेले. काकांचं नाव पुस्तिकेत एक रिअल इस्टेट एजंट आणि एक मिठाईवाला यांच्यामध्ये छापून आलं. पावतीवर ‘चार जेवणाची तिकिटं मिळाली’ असं म्हणून तेवढी रक्कम वजाही झाली. काका त्या संध्याकाळी आलेसुद्धा नव्हते.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मला तिकिटं नको होती रे बाळांनो. तिचं नाव तेवढं कुठे दिसलं नाही.”

आम्ही घरी जाऊन माफी मागितली. खजिनदारांनी पैसे वसतिगृहाच्या निधीत वळवले, नवी पावती दिली. पण रात्री झोप येईना. हे एकदा झालं, तर आधी किती वेळा झालं असेल?

म्हणून पुढच्या शनिवारी डेटाबेस उघडून ‘श्रेणी’ या रकान्याची यादी पाहिली. ‘सुवर्ण’, ‘गोल्ड’, ‘गोल्ड स्पॉन्सर’, ‘सुवर्ण (गणपती)’, ‘गोल्ड २०१४’, ‘गोल्ड २०१४ नवीन’, ‘गोल्ड – अर्धे पैसे बाकी’... दर वर्षी नवी समिती यायची, घाईत असायची, आणि आपल्या सोयीचं एक नाव यादीत घालून जायची. यात दोष कुणा एकाचा नाही. सगळ्यांनी प्रेमानेच काम केलं. गडबड एवढीच, की एका रकान्याला पाच-सहा प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली होती.

आमच्यातल्या एकाच्या आजोबांचं सांगलीला किराणा दुकान होतं. त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या, कीर्द आणि खतावणी. दिवसभराचा व्यवहार घडेल तसा कीर्दीत, आणि मग तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. दोन्ही वह्यांत गल्लत झाली की दिवाळीला हिशोब लागायचा नाही. आजोबांनी कॉम्प्युटर पाहिला नाही, पण आम्हाला चार वर्षं इंजिनिअरिंगमध्ये जे शिकवलं, ते त्यांना ठाऊक होतं.

आम्हीही तेच केलं. प्रत्येक देणगीला आता वेगवेगळे प्रश्न विचारतो, आणि प्रत्येकाला स्वतंत्र रकाना आहे.

पहिला, पैसे कोणी दिले? दुसरा, कुठल्या निमित्ताने? गणपती, दिवाळी, आजची संध्याकाळ. वर्ष इथेच जोडलेलं असतं, श्रेणीच्या नावात नाही. तिसरा, कुठल्या कामासाठी? वसतिगृह, मराठी शाळा की सर्वसाधारण निधी. चौथा, प्रायोजकाची श्रेणी कुठली? आणि इथे ‘श्रेणी नाही’ हेही उत्तर चालतं. काकांचा चेक याच एका उत्तराअभावी रौप्य झाला होता! पाचवा, बदल्यात आपण काय दिलं? सहावा, पैसे आले की नुसतं आश्वासन आहे? ‘अर्धे पैसे बाकी’ची जागा ती, सुवर्णच्या शेजारी नव्हे.

श्रेणीचं नाव आता हाताने टाइप करता येत नाही, यादीतूनच निवडावं लागतं. नवं नाव घालण्याचा अधिकार दोघांनाच आहे. जुनी श्रेणी पुसायची नाही, फक्त बंद करायची. पुसली तर त्या वर्षीच्या देणगीदाराचा इतिहासच जातो. आणि सुवर्णची रक्कम या वर्षी वाढली म्हणून पाच वर्षांपूर्वीचा सुवर्ण प्रायोजक आपोआप रौप्य होत नाही. त्या वर्षीचा दर त्या वर्षीच्या कार्यक्रमाशीच बांधलेला राहतो.

आता थोडं आय.आर.एस.बद्दल. घाबरू नका, आम्ही सी.पी.ए. नाही. तुमच्या करांचं तुमच्या सी.पी.ए.ला विचारा. पण आपलं मंडळ ५०१(सी)(३) संस्था असल्यामुळे काही गोष्टी आम्हाला पाळाव्याच लागतात. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची वजावट घ्यायची तर देणगीदाराकडे आपली लेखी पोच हवी. ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम देऊन बदल्यात जेवण किंवा तिकीट मिळत असेल, तर त्या वस्तूची अंदाजे किंमत आपण लेखी कळवायची असते. समजा, ५०० डॉलरच्या कांस्य श्रेणीत दोन जेवणं आहेत, बाजारभावाने प्रत्येकी ४० डॉलरची. तर वजावटीला पात्र रक्कम ४२०. आचाऱ्याने आपल्याला ताट १२ डॉलरला दिलं, हा मुद्दा इथे नाही. ज्यांना जेवण नकोच आहे, त्यांनी तसं देणगी देतानाच कळवायचं, म्हणजे वजा करायला काही उरत नाही. श्रेणी आणि तिच्यासोबत मिळणारं जेवण यांची नोंद बरोबर नसेल, तर पावती बरोबर येणारच नाही.

व्यावसायिक मित्रांसाठी एक गोष्ट. १९९७च्या कायद्याने प्रायोजकाचे आभार आणि जाहिरात यांत फरक केला आहे. दुकानाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता, फोन छापला तर ते आभार. ‘गावातली सर्वोत्तम जिलबी, आज दहा टक्के सूट’ असं छापलं, की झाली जाहिरात, आणि तिचा हिशोब मंडळाला वेगळा ठेवावा लागतो. तेव्हा आम्ही तुमच्या मजकुरातून ‘सर्वोत्तम’ काढायला सांगितलं, तर जिलबीवर आमचा काही आक्षेप आहे असं समजू नका!

आणि तुमच्या-आमच्यातले जे कंपन्यांत आहेत, त्यांच्यासाठी मॅचिंग. तुम्ही १००० दिले, कंपनीने १००० दिले. कंपनीचा चेक कंपनीच्याच नावावर जमा होतो, पण तो कुणामुळे आला याचा दुवा तुमच्या नावाला जोडतो. पूर्वी काही वेळा तो दोन्ही नावांवर चढवला गेला, आणि २००० चे कागदावर ३००० झाले. टाळ्या तीन हजारांच्या, बँकेत दोन हजार.

जुन्या नोंदी साफ करायला सगळा हिवाळा गेला. चेकच्या जुन्या प्रती एकेक करून पाहिल्या. त्यात काकांसारखे आणखी सात चेक सापडले. कुणी आईच्या नावाने, कुणी पहिल्या पगारातून, एकाने मुलीच्या बारशाला. सगळे चुकून कुठल्या ना कुठल्या ‘प्रायोजका’त जाऊन बसलेले. ज्या कामासाठी पैसे दिले, त्याच कामाला ते लागले पाहिजेत, हा नुसता शिष्टाचार नाही, कायदाही तेच सांगतो. समितीने एकमताने ते पैसे परत त्या त्या निधीत घातले. सातही घरी आम्ही फोन केले. एका मावशींना तर आपण काय लिहिलं होतं तेही आठवत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, “तुम्ही वाचलंत, हेच पुष्कळ.”

म्हणून आज तुमच्यापाशी पैशांच्या आधी आणखी एक मागणं आहे. तुमच्या टेबलावर जे कार्ड आहे, त्यावर तीन ओळी नक्की भरा. पैसे कुठल्या कामासाठी, नाव पुस्तिकेत कसं छापायचं (आणि कुणाच्या स्मरणार्थ असल्यास त्यांचंही), आणि तुमची कंपनी मॅचिंग देते का. आमच्या अंदाजावर काहीही सोडू नका. आमचा अंदाज काय करतो, ते तुम्ही ऐकलंतच.

पुढच्या समितीलाही विनंती. हौसेने हिरा काढा, माणिक काढा, पैठणी श्रेणीसुद्धा काढा. फक्त तिच्यात काय देणार आणि ती कुठल्या कार्यक्रमाची, एवढं आधी लिहा.

या वर्षीच्या पुस्तिकेत प्रायोजकांच्या पानांनंतर ‘स्मरणार्थ’ असं एक वेगळं पान आहे. जाहिराती नाहीत, रकमा नाहीत, फक्त नावं. पहिलं नाव काकूंचं आहे. काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि त्यांनी पान पाहिलं आहे.

जुन्या वहीत हिशोबाखाली लिहायची पद्धत होती, तेच लिहून थांबतो. चूक भूल देणे घेणे.

आता चला जेवायला!