पॅरिसहून पुण्यापर्यंत : एका तसबिरीचा प्रवास

(जिल्ह्यातील शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात केलेले भाषण)



भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शब्दकोश आणि परिपत्रके उभी राहतात. मी आज आपणांस रंगभूमीकडे नेणार आहे. ‘संशयकल्लोळ’ आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. निदान त्यातील पदे तरी कानांवरून गेली असतील. या नाटकाचा मूळ पुरुष फ्रेंच आहे, हे मात्र प्रेक्षागृहात बसलेल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

१६६० साली पॅरिसमध्ये मोलिएरने एक छोटेसे पद्य प्रहसन रंगभूमीवर आणले. मूर्च्छित तरुणीच्या हातून प्रियकराचे चित्र पडते, ते भलत्याच्या हाती लागते आणि दोन जोडपी संशयाने पोळतात, एवढीच त्याची कथा. १७६१ मध्ये आर्थर मर्फीने लंडनमध्ये तिच्यावरून पाच अंकी इंग्रजी विनोदी नाटक रचले. गोविंद बल्लाळ देवलांनी ते हाती घेऊन १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. पुढे पदे घालून १९१६ मध्ये त्याचेच ‘संशयकल्लोळ’ झाले. गंधर्व नाटक मंडळीत गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांनी ते घरोघर पोहोचविले.

देवलांनी यात केले काय? मर्फीचे सर जॉन रेस्टलेस त्यांनी जसेच्या तसे उचलले नाहीत. पुरुषांना त्यांनी महिन्यांची नावे दिली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. स्त्रियांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, मघा. पंचांग ज्या घरात रोज उघडले जाते, त्या घरातील माणसाला या नावांनीच हसू फुटते. दुसरा बदल अधिक खोल आहे. मूळ कथेतील नायिका घरंदाज कन्या. तत्कालीन महाराष्ट्रात अशी मुलगी प्रियकराची तसबीर घेऊन रस्त्यात एकटी कशी दिसावी? देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केले. अडचण तर सुटलीच; शिवाय अशा मुलीला संसार करावासा वाटला तर समाज काय म्हणेल, हा मोलिएरच्या कथेत नसलेला प्रश्नही हास्याच्या ओघात मराठी प्रेक्षकापुढे आला. याला भाषांतर म्हणावे की रूपांतर, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा.

सर्वच अनुवाद असे वेषांतर करीत नाहीत. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, तेव्हा माणसे बंगालीच राहिली आणि तरीही आपल्या वाचकाला ती परकी वाटली नाहीत. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिले. परंतु शाळेच्या ग्रंथालयातील नोंदवहीत पुष्कळदा मूळ लेखकाचे नाव असते आणि अनुवादकाचे नसते. ग्रंथपाल मित्रांनी एवढी एक नोंद अवश्य करावी.

आता थोडे स्वतःविषयी. एका पावसाळ्यापूर्वी पाणी शुद्ध करण्याविषयीचे इंग्रजी पत्रक मी मराठीत आणले. ‘द्रावण विहित मात्रेत मिश्रित करण्यात यावे’ असे माझे वाक्य होते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष! एका गावच्या सरपंचांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “साहेब, ही मात्रा वैद्याकडं मिळंल का?” शेजारी बसलेल्या एका सदस्या म्हणाल्या, “आमाला हंड्याला किती थेंब, तेवढं सांगा.” माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मूळ पत्रकात प्रमाण लिटरमध्ये होते आणि हंड्यात किती लिटर मावतात, हे मी कधी मोजलेच नव्हते. पत्रकांचा गठ्ठा चावडीत तसाच पडून राहिला, आणि पाऊस तर तोंडावर आलेला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या आरोग्य सहाय्यकांना बरोबर घेऊन आम्ही त्याच बाईंच्या घरी हंडा मापाने भरून पाहिला. नवा मसुदा सरपंचांना आधी वाचून दाखविला. त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन उरलेली एक ‘मात्रा’ खोडली आणि तिथे ‘थेंब’ लिहिले.