तीनशे एकसष्टची ओळख



हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग भेटतात. तुळजापूरहून लातूर, नांदेड करत यवतमाळ, वर्ध्याकडे जाणारा ३६१. आणि अकोल्याहून हिंगोली, कळमनुरीवरून नांदेडला उतरणारा १६१. आज मला यातल्या ३६१ या संख्येविषयी बोलायचं आहे.

हा आकडा रस्त्याला मिळाला तो २०१० सालच्या नव्या क्रमांकपद्धतीमुळे. तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा, आणि त्यातले शेवटचे दोन अंक मुख्य मार्गाचे. परभणी, नांदेडवरून निर्मलकडे जाणारा ६१ हा मुख्य मार्ग. १६१ आणि ३६१ या त्याच्या शाखा. पण ही ओळख रस्त्याची झाली. उद्या क्रमांक बदलला की ती पुसली जाईल.

संख्येची स्वतःची ओळख मात्र कुणाला पुसता येत नाही. वसमतच्या बाजारातून ३६१ हळकुंडं आणा आणि मांडा. १९ ओळी, प्रत्येकीत १९, असा नेमका चौरस भरतो. १९ ही मूळ संख्या आहे, म्हणून ३६१ला १, १९ आणि ३६१ एवढेच विभाजक. १, ३, ५ अशा ३७पर्यंतच्या विषम संख्या मिळवल्या, तरी बेरीज ३६१च येते. ही संख्या कोणत्याही लिपीत लिहा, यातलं काहीही बदलत नाही.

तिसरी ओळख अंकांची. ती आपल्या दशमान लेखनातून येते. तिचे थोर अभ्यासक म्हणजे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या, तिला त्यांनी हर्षद म्हटलं. ३६१च्या अंकांची बेरीज १०. भागाकारात १ उरतो. म्हणजे ती हर्षद नाही. दुसऱ्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. ३४७मध्ये ३, ४ आणि ७ मिळवा, ३६१ येतात. म्हणजे ती स्वयंभूही नाही.

आता कापरेकरांची प्रसिद्ध वजाबाकी करू. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करायची. ६३१ वजा १३६, उत्तर ४९५. शेजारचा १६१ घ्या. ६११ वजा ११६, पुन्हा ४९५! फाट्यावरच्या दोन्ही संख्या एकाच पायरीत एकाच ठिकाणी येतात.

याला शुभसंकेत मानू नका. कारण शोधा, ते जास्त सुंदर आहे. या वजाबाकीत मधला अंक उडून जातो. उरतो तो सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांमधला फरक, गुणिले ९९. दोन्ही संख्यांत ६ आणि १ आहेत. फरक ५, आणि पाच गुणिले ९९ म्हणजे ४९५. तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या आणि आलेल्या उत्तरावर हीच वजाबाकी पुन्हा पुन्हा करा. ९९ आलं तर ते ०९९ लिहा. फार तर सहा पायऱ्यांत तुम्ही ४९५वर याल. चार अंकांसाठी अशीच जागा ६१७४ आहे. कापरेकरांनी ती १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

मुलांनो, तुमच्या गावच्या रस्त्याचा, घराचा, बसचा कुठलाही तीन अंकी क्रमांक घ्या. वजाबाकी करण्याआधीच पहिलं उत्तर सांगून पाहा. ते बरोबर का आलं हे दुसऱ्याला समजावता आलं, की तुम्ही गणित करायला लागलात असं खुशाल समजा.