कोंबडीची अळणी



जाणूनबुजून खाल्ल्यास द्विज पतित होतो अशा पदार्थांची जी यादी मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील १९ व्या श्लोकात दिली आहे, तीत लसूण आणि गावकोंबडा हे दोघे अगदी शेजारीशेजारी बसलेले आढळतात. निषेधाच्या निमित्ताने का होईना, पण स्मृतिकारांनी या दोघांची गाठ घालून दिली, ही गोष्ट मला नेहमीच मोठी सूचक वाटत आली आहे; कारण ज्यांना हा हुकूम कधी लागूच झाला नाही, किंवा लागू असूनही ज्यांनी तो मुकाट्याने दप्तरदाखल करून टाकला, अशा महाराष्ट्रातील असंख्य घरांत या दोन निषिद्ध वस्तू एका पातेल्यात आल्यावाचून रविवारचे रात्रीचे जेवण पुरे झाल्यासारखे वाटत नाही. त्या पातेल्याविषयीच मी आज बोलणार आहे. मात्र स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी लसणीच्या बाजूची एक जुनी साक्ष नोंदवून घेणे न्यायाचे होईल.

१८९० साली हॅमिल्टन बॉवर नावाच्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियातील कुचा येथे भूर्जपत्रांवर लिहिलेली एक प्राचीन संस्कृत पोथी मिळाली, आणि पुढे प्राच्यविद्यापंडित डॉ. हर्नले यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. या पोथीचा आरंभच लसणीच्या गुणवर्णनाने होतो. अमृत प्यालेल्या असुरराजाचा कंठ विष्णूने छेदला तेव्हा त्यातून जे अमृताचे थेंब भूमीवर सांडले त्यांपासून लसूण उत्पन्न झाली, आणि असुराच्या देहाचा संपर्क घडला म्हणून ब्राह्मणांनी ती वर्ज्य मानली, अशी तिची उत्पत्तिकथा त्या पोथीत सांगितली आहे. पण पोथीकार वैद्य होता, आणि वैद्याला रोगी बरा करावयाचा असतो; म्हणून त्याने पुढे अशीही तजवीज करून ठेवली की, गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्यावाचून ठेवावे, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणीची पात असे मिश्रण तिला घालावे, आणि तिचे दूध, दही, तूप, ताक ब्राह्मणाने निःशंकपणे सेवन करावे. नियमातून पळवाट काढावी तर ती अशी! गाईला मध्यस्थ नेमून का होईना, पण जी वस्तू पोटात गेलीच पाहिजे असे त्या वैद्याला वाटले, तिची योग्यता निराळी सांगावयास नको. आमच्या खंडोबाला तर मध्यस्थाचीही गरज भासली नाही. चंपाषष्ठीच्या नैवेद्यात भरीत-रोडग्यांबरोबर पातीचा कांदा आणि लसूण उघडपणे मांडलेली असते.

आता पातेल्याकडे वळू. सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखात कोंबडी शिजविण्याचा जो परिपाठ आहे, त्यात रस्सा हा दुसरा टप्पा होय. आधी कोंबडी हळद, मीठ आणि आले-लसूण एवढ्यावरच शिजवून घेतात, आणि तिच्या अंगच्या त्या पिवळसर पाण्याला अळणी म्हणतात; मीठ तीत असते, नसते ते तिखट. या अळणीतूनच मग मसाल्याचा तांबडा रस्सा आणि नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा सिद्ध होतो. परंतु मसाला पडण्यापूर्वी पातेल्यातून ज्या पहिल्या वाट्या भरल्या जातात, त्या घरातील लहान मुलांच्या, दात गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या, आणि कोणी तापातून उठलेले असेल तर त्याच्या असतात. बाकीची मंडळी तिकडे नुसती पाहत राहतात. माझे म्हणणे इतकेच आहे की, ही पहिली वाटी पुढच्या जेवणाची प्रस्तावना न समजता तेच जेवण समजावे, लसणीचा हात थोडा सैल सोडावा, आणि आठवड्यातून एक रात्र तरी धडधाकट माणसांनीही आजाऱ्याच्या या हक्कात वाटेकरी व्हावे.

कोंबडी कोणती घ्यावी, हा पहिला मामला. बाजारात पिंजऱ्यातून मिळणारी पांढरी ब्रॉयलर कोंबडी पाचसहा आठवड्यांत तयार होते. गावठी तलंग किंवा कोंबडा मात्र पाचसहा महिने उकिरडे उकरीत, कुत्र्यामांजरांना चुकवीत हिंडलेला असतो. ज्या स्नायूंना आयुष्यात कष्ट पडले, त्यांत चिवटपणा येतो तसा स्वादही येतो. आणि चिवटपणा देणारा जो भाग स्नायूंना हाडांशी बांधून ठेवतो, तोच दीर्घकाळ मंद आचेवर राहिला म्हणजे विरघळून त्याचे जिलेटिन बनते, व अळणीला ओठांना किंचित चिकटणारा तो दाटपणा प्राप्त होतो, जो पीठ लावून किंवा वाटण घालून कधीही साधत नाही. म्हणून गावठी मिळाली तर तीच घ्यावी, पिसे काढून जाळावर भाजलेली, कातडीसकट. न मिळाल्यास ब्रॉयलरवर भागते, मात्र तीही हाडांसकट, मानेसकट. बिनहाडाचे पांढरे तुकडे आणून ज्यांना अळणी करावयाची असेल, त्यांनी त्याऐवजी वरण करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

लसणीचे प्रमाण ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावतील. एक किलो कोंबडीला मी लसणीचे दोन भरदार गड्डे घेतो. लसूण आपल्याकडे रब्बीचे पीक, दिवाळीच्या आगेमागे लावलेली आणि फाल्गुन-चैत्रात काढलेली. तेव्हा त्यानंतरच्या काही महिन्यांत मिळणारी कोरडी, घट्ट पाकळ्यांची लसूण उत्तम, आणि पुढे हिवाळा जवळ आला की पाकळीच्या पोटात हिरवा कोंब दिसू लागतो तो चिरून काढून टाकावा, कारण त्याला एक कडवट झाक असते. गावठी लसणीच्या पाकळ्या बारीक असतात आणि सोलणाऱ्याचा अंत पाहतात, पण वासाला तिची सर मध्य प्रदेशातून येणाऱ्या टपोऱ्या लसणीला येत नाही.

या दोन गड्ड्यांपैकी एक ठेचावयाचा आणि एक अखंड पाकळ्यांचा ठेवावयाचा, यातच सारी खुबी आहे, आणि ती का, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पाकळी सोलून नाकाशी धरली तर तिला वास जवळजवळ नसतोच. तिच्या पेशींत अ‍ॅलिइन नावाचे द्रव्य एका कोठडीत आणि त्यावर क्रिया करणारे विकर दुसऱ्या कोठडीत, अशी निसर्गाने त्यांची ताटातूट करून ठेवलेली असते. बत्त्याचा घाव बसताच मधली भिंत कोसळते, दोघांची भेट होते, आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन निर्माण होऊन तो प्रसिद्ध उग्र दर्प सुटतो. हे अ‍ॅलिसिन अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ साली लसणीतून वेगळे काढले. आता हे विकर उष्णतेला फार भिते. म्हणून ठेचलेली लसूण लगेच तेलात न टाकता दहा मिनिटे खलातच राहू द्यावी, म्हणजे तिला जो तिखटपणा दाखवावयाचा तो ती पुरता दाखवून घेते. आणि उलट, अखंड पाकळी गरम पाण्यात सोडली की विकराला कामावर रुजू होण्यापूर्वीच बडतर्फीचा हुकूम मिळतो, दर्प असा निर्माणच होत नाही, आणि तासाभराने ती पाकळी गोड आणि लोण्यासारखी मऊ होऊन वर येते. एकाच वस्तूचे हे दोन स्वभाव एका पातेल्यात नांदविता येतात. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात चाळीस अखंड पाकळ्या घालून कोंबडी शिजविण्याची जी प्रसिद्ध रीत आहे, तिचे रहस्यही हेच. चाळीस हा आकडा ऐकून घाबरणारा पाहुणा जेवताना लसूण कोठे गेली म्हणून विचारतो.

पातेले जाड बुडाचे घ्यावे. त्यात दोन पळ्या तेल तापवून एक बारीक चिरलेला कांदा मऊ होऊ द्यावा, मग आच उतरवून ठेचलेली लसूण आणि बोटभर आल्याचा ठेचा घालावा. येथे मात्र दुसरीकडे पाहू नये. लसूण कोवळ्या सोनेरी रंगावर आली की तिचे काम झाले. ती तांबूस झाली की कडवटपणाला आरंभ होतो आणि करपली की मामला हाताबाहेर गेला, कारण करपलेल्या लसणीला जगातील कोणताही मसाला तारू शकत नाही. तसे झालेच तर ते तेल मुकाट्याने टाकून द्यावे आणि नव्याने आरंभ करावा. चमचाभर तेल वाचविण्याच्या लोभाने सबंध कोंबडी पणाला लावू नये. सोनेरी रंग साधल्यावर हळद-मीठ चोळून ठेवलेली कोंबडी आत सोडून चांगली परतावी, आणि पातेल्यावर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ओतावे.

ताटातल्या या पाण्याची वहिवाट आपल्या आज्या-पणज्यांनी पाडून दिलेली आहे, आणि आधुनिक स्वयंपाकघरांतून ती नाहीशी होत चालली आहे याचे मला वाईट वाटते. वरच्या पाण्यामुळे ताटाचे बूड तुलनेने थंड राहते, आतली वाफ त्याला भिडून पुन्हा पाणी होते, आणि तिच्याबरोबर वर गेलेला पुष्कळसा स्वाद थेंबाथेंबाने पातेल्यात परत येतो. आणि दरम्यान ताटातले पाणी तापून तयार असते, तेच रश्श्यासाठी आत ओतावयाचे. गार पाणी ओतले की उकळी मोडते आणि शिजण्याचा सगळा क्रम विस्कटतो. कोंबडीचे अंगचे पाणी सुटून आटत आले, म्हणजे ते गरम पाणी घालावे, वर येणारा करडा फेस पळीने काढून टाकावा, आणि मग अखंड पाकळ्या आणि चारपाच मिरे सोडावेत. यापुढे पातेले खदखदू देता कामा नये. कडेने बारीक बुडबुडे येत राहतील एवढीच आच हवी, नाहीतर चरबी पाण्यात फेसाळून अळणी गढूळ होते. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजते, गावठीला तास-दीड तास द्यावा लागतो. कुकरमध्ये हेच काम लवकर होते हे खरे. पण कुकरात अखंड पाकळ्यांचा पार लगदा होतो, आणि पाकळ्या शाबूत राहणे पुढे जेवणाच्या वेळी किती महत्त्वाचे आहे ते आता सांगतो.

ताटात ज्वारीची गरम भाकरी घ्यावी, अळणीतली एक पाकळी बोटाने उचलून तिच्यावर ठेवावी आणि अंगठ्याने दाबावी. पाकळी पसरते, भाकरीच्या पापुद्र्यात मुरते, आणि तो घास खाल्ल्यावर लसणीविषयी आजवर जे काही भलेबुरे ग्रह असतील ते पुन्हा तपासून घ्यावेसे वाटतात. उरलेली भाकरी अळणीत चुरून, वर लिंबू पिळून खावी; लिंबू शेवटीच, ताटात. भाकरीनंतर आंबेमोहोराचा मऊ भात. काळीज आणि पेटा कोणाच्या वाटणीला जावा आणि दोन तंगड्यांचे वारस कोण, या प्रश्नाचा निकाल प्रत्येक घराच्या रिवाजाप्रमाणे लागेल. त्यात बाहेरच्याने ढवळाढवळ करू नये.

तांबड्या रश्श्याची मी निंदा करतो आहे असा कोणी समज करून घेऊ नये. सणासमारंभाला, यात्रेला, पंगतीला त्याचा दरारा त्यालाच शोभतो. पण हल्ली खानावळींतून वाटीभर तेलाची लाल तर्री आणून ठेवतात, आणि तिच्याखाली कोंबडी आहे, की बटाटा आहे, हे जिभेला शेवटपर्यंत कळत नाही. तेव्हा तिखटाचा उपयोग चव आणण्यापेक्षा चव झाकण्याकडेच अधिक होत असावा असा मला दाट संशय येतो. अळणीत झाकण्याची सोय नाही. कोंबडी शिळी असली, लसूण जळली, मीठ चुकले, तर पहिल्याच घोटाला उघडकीला येते. आणि ज्यांना तिखटावाचून घास उतरतच नाही, त्यांनी कांदा-लसूण चटणीची चिमूट आपापल्या वाटीत खुशाल घालून घ्यावी. पातेल्यात मात्र तिला प्रवेश देऊ नये.

आता शेवटची एक दरखास्त. या जेवणात खरे कष्ट शिजविण्याचे नाहीत. आच मंद ठेवली की पातेले आपले आपण पाहून घेते. कष्ट आहेत ते दोन गड्डे लसूण सोलण्याचे, आणि बहुतेक घरांत ते अशा बाईच्या वाट्याला येतात, जिला भाकऱ्याही थापावयाच्या असतात. तेव्हा जी पुरुषमंडळी रविवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून वास कधी येतो याची वाट पाहत असतात, त्यांनी ते गड्डे आपल्याकडे मागून घ्यावेत, पाट्यावर पाकळी ठेवून वरवंट्याचा हलका दाब द्यावा म्हणजे साल आपोआप सुटते, आणि तासभर हे काम निमूटपणे करावे. नखांना बसलेला वास दुसऱ्या दिवशी कचेरीपर्यंत सोबत करील. त्याला कोणाची हरकत नसावी.