रद्दीचा काटा आणि मी

(रौप्यमहोत्सवी संमेलनात गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून जसेच्या तसे देत आहे.)



पंचवीस वर्षांत मी या सोसायटीत माइक हातात घेतलेला नाही. पाण्याच्या टँकरवरून बोलले असेन, पण ते माइकशिवायच चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. आज मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मी पहाटे उपवन तलावाकडे धावायला जाते, म्हणून मला त्यातलं कळतं असा समितीचा समज आहे. मी मात्र सांगणार आहे ती वजन वाढल्याची गोष्ट.

गेल्या वर्षी डिसेंबरात माझा रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती एचबीए१सी नावाची तपासणी, त्यात ६.१ आकडा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वजन उतरवा, चाला, धावा, सहा महिन्यांनी बघू." मी शांत नव्हते. माझ्या बाबांचा पाय मधुमेहाने गेला. आधी अंगठा, मग गुडघ्याखालून सगळा. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट सुरू झाली, तेव्हा सगळ्यात आधी मी त्यांना व्हीलचेअरवरून वर आणलं होतं. जुन्या मंडळींना आठवत असेल.

जानेवारीपासून धावायला लागले. धावायला म्हणजे, एक मिनिट धावायचं आणि दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून झाडं बघायची. फेब्रुवारीअखेर मात्र न थांबता तीन किलोमीटर जमायला लागलं.

आता काट्याचं सांगते. आमच्या घरी वजनकाटा नाही. समितीच्या खोलीत रद्दी मोजायचा जो डिजिटल काटा आहे, ज्याच्या पैशातून गणपतीची आरास होते, त्यावर मी पहिल्या दिवशी उभी राहिले होते. ६८ किलो ४०० ग्रॅम. सहा आठवड्यांनी पुन्हा चढले. आपले वॉचमन मामा सवयीने मोठ्यांदा ओरडले, "सत्तर किलो सहाशे!" बाहेर पेपरांचे गठ्ठे घेऊन पाच जण रांगेत उभे होते.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. सल्ले तर विचारूच नका. कुणी म्हणालं भात सोड, कुणी म्हणालं या वयात धावणं मानवत नाही. बऱ्याच जणींनी धीर दिला, "अगं, ते स्नायूंचं वजन आहे." ते मला फार आवडलं. पण रात्री बाबांचा पाय डोळ्यासमोर आला आणि वाटलं, हाही उपाय आपल्याला लागू पडत नाही. बूट पिशवीत भरून माळ्यावर टाकले. चार दिवस गेलेच नाही.

पाचव्या दिवशी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई भेटली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने आधी माझा आवडता समज मोडला. म्हणाली, "काकू, सहा आठवडे धावून तुमच्या वयात दोन किलो स्नायू तयार होत नाहीत. यात बराचसा भाग पाण्याचा असेल." मग नीट समजावलं. नव्या व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते आणि ती भरून येईपर्यंत तिथे पाणी धरून राहतं. माझ्या पोटऱ्या दगडासारख्या का झाल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. शिवाय धावणारं शरीर स्नायूंत साखरेचा साठा वाढवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. दीडशे ग्रॅम साठा वाढला, की काट्यावर सहाशे ग्रॅम. रक्तातला पाण्याचा अंशसुद्धा वाढतो. यातलं काहीच चरबी नव्हे.

मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात तिने विचारलं, "आणि धावून आल्यावर काय खाता?"

इथे माझी बोलती बंद झाली. आधी केळं, मग खजूर, "दमलेय" म्हणून साबुदाण्याची खिचडी, रविवारी गटाबरोबर मिसळ आणि एक्स्ट्रा पाव. तिचा हिशोब सोपा होता. धावताना दर किलोला, दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे माझ्या तीन किलोमीटरला दोनशेच्या आसपास. खिचडीच्या एका डिशने ते फिटून वर उधारी. आणखी एक गोष्ट तिने न विचारता मीच कबूल केली. धावायला लागल्यापासून मी जिना सोडून लिफ्टने जात होते आणि दुपारी दोन तास झोपत होते, "आज धावलेय ना" म्हणून! सकाळी कमावलेलं दुपारी उडवायचं, असा कारभार चालला होता.

तिच्याच सांगण्यावरून डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडही तपासून घेतलं. नॉर्मल निघालं. कुणाच्या पायावर सूज येत असेल, बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल किंवा दम लागत असेल, तर पाणीच आहे म्हणून माझ्यासारखं घरी बसू नका. ते पाणी वेगळं असू शकतं, सरळ डॉक्टर गाठा.

बूट माळ्यावरून खाली आले. खिचडी एकादशीपुरती राहिली, सकाळी मूग किंवा अंडी. जिना पुन्हा सुरू केला. आणि तिने मला शिंप्याची टेप दिली. कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत असावी म्हणतात.

जूनमध्ये पुन्हा रक्त तपासलं. ५.८. कंबर ८९. आणि वजन? ६७ किलो ३००. सहा महिने घाम गाळून जेमतेम एक किलो! यजमान म्हणाले, "एवढ्यासाठी पहाटे पाचचा गजर?" मी त्यांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून गजर तेच बंद करतात. उठून, झोपून नव्हे.

अजून उंबरठ्यावरच आहे मी, हे खरं. काट्यावर आता महिन्यातून एकदाच चढते, पहिल्या रविवारी, रद्दीवाला यायच्या आधी. मामांना बजावून ठेवलंय की आकडा हळू सांगायचा.

पावणेसहाला आम्ही चौघी गेटपाशी असतो. परवापासून ए विंगचे आजोबाही काठी घेऊन येतात, गेटपासून पिंपळापर्यंत. ज्यांना यायचंय त्यांनी बूट आणा, डबा मी आणते. मुगाचाच असेल.