पेशींची पकड आणि गारवा



प्रयोगशाळेत पेशी वाढवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अवघड आहे ते वाढलेल्या पेशी बशीतून न दुखावता उचलणं.

पेशी प्लॅस्टिकच्या बशीला थेट चिकटत नाही. पोषकद्रवातली फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं आधी पृष्ठभागावर बसतात आणि पेशी त्यांना इंटिग्रिन नावाच्या आपल्या प्रथिनांनी धरते. मग ती पसरते, स्वतःही प्रथिनं स्रवून आपल्याखाली अंथरते. ही पकड सोडवायला ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरतात. पण ते खालचं अंथरूण कापतं, तसे पेशीपेशींमधले दुवेही कापतं. हाती येतात त्या सुट्या पेशी; ऊतक नव्हे.

जपानचे तेरुओ ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली वेगळी वाट दाखवली. त्यांनी बशीवर एका पॉलिमरचा थर बसवला. त्याचं नाव पॉली-एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलअमाइड. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या साखळ्या पाणी सोडून आक्रसतात. त्यामुळे ३७ अंशांना प्रथिनं त्यावर बसतात, पेशीही रुजतात. बशी २० अंशांवर आणली, की साखळ्या पाणी पिऊन फुलतात आणि पकड सैल होते. थर मात्र जेमतेम २० नॅनोमीटर जाडीचा हवा. तो जाड झाला, तर उबेतही पेशी त्यावर बसत नाहीत.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. पेशींची ऊर्जानिर्मिती रसायनाने रोखली, तर गारव्यातही त्यांचं सुटणं अडतं. म्हणजे पॉलिमर फक्त वाट मोकळी करतो. अंग आवरून सुटण्याचं काम पेशीला स्वतः करावं लागतं. म्हणूनच बशी फार गार करूनही चालत नाही.

अशा रीतीने पेशींचा अखंड पापुद्रा निघतो, तळाच्या प्रथिनांसह. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालानुसार जपानी डॉक्टरांनी चार रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशी असा पापुद्रा करून त्यांच्याच डोळ्यांवर बसवल्या. टाके घालावे लागले नाहीत, कारण तळाची प्रथिनंच त्याला धरून राहिली. चौघांचीही दृष्टी सुधारली.

पेशीखालची प्रथिनं हा ऊतकाचाच भाग आहे. ती राखली, म्हणून हा उपचार शक्य झाला. ऊतक घडवू पाहणाऱ्या प्रत्येकाने पेशींइतकीच त्यांचीही काळजी घ्यायला हवी.